पिठाचा रविवार

संक्रांत सरली आणि कॅन्टीनचा टेम्पो यायचा थांबला.

पहिल्या दिवशी कुशाबाईला वाटलं, कुठं पंक्चर झाला असेल. दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही मोठी पातेली घासून ओट्यावर पालथी घातली आणि दुपार टळेपर्यंत रस्त्याकडे कान देऊन बसली. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं नवऱ्याला, गेनूला, कंपनीच्या गेटवर धाडलं. गेनूचा डावा पाय मोडून आखूड झालेला. त्याला जाऊन यायला उन्हं उतरली. येऊन तो ओट्यावर टेकला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "कॅन्टीनवाल्या जयदीपनं च्या पाजला. मानसानं काय कमी केलं न्हाई."

"आन् भात?"

"रातपाळी बंद झालीया. आता डोकी बघून शिजिवत्यात. उरतच न्हाई म्हनला."

चिंचदरा गावाच्या वरच्या अंगाला या दोघांचं घर. जमीन सगळी एमआयडीसीत गेली, राहिला तो घराभोवतीचा उतरणीचा तुकडा. त्यावर गेनूनं रस्त्याच्या कडेला सहा पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या. मागं गुरांचा लांबडा गोठा होता, तो जनावरं विकल्यावर रिकामाच पडला होता. आठ वर्षांमागं पाय मोडून गेनू दवाखान्यात होता, तेव्हा शेजारच्या वॉर्डात एक म्हातारी होती. बरी झाली, डिस्चार्ज मिळाला, तरी तिला न्यायला कुणी येईना. व्हरांड्यात बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडं बघायची. कुशाबाईनं नवऱ्याला ज्या रिक्षात घातलं त्याच रिक्षात तिलाही बसवलं. त्यामागं फार मोठा विचार नव्हता. रिक्षात जागा होती. मग हळूहळू लोकच आणून सोडायला लागले. गोठ्याला दारं बसली, जमिनीला फरशी आली, आणि आत अकरा म्हाताऱ्या झाल्या.

त्यांचं भागायचं कसं, याचा कुशाबाईला कधी विचार करावा लागला नव्हता. खोल्यांच्या भाड्यात धान्य येई. खोल्यांतली पोरं ओव्हरटाइम मिळाला की साबण आणत, खोबरेल आणत, कुणी टरबूज आणून कापून वाटे. वाकडच्या एक सोनलमॅडम गोळ्या-औषधं आणि म्हाताऱ्यांना रात्री लावायचे डायपर पाठवत. कॅन्टीनचा भात रोज असे. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मालोजीचं पीठ असे. माणसं चांगली आहेत म्हणून भागतंय, असं कुशाबाई समजून चालली होती. माणसं चांगलीच होती. कंपन्या चालत होत्या म्हणून भागत होतं, हे तिला त्या उन्हाळ्यात कळलं.

मालोजी माजलगावकडचा. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत वेल्डर. त्याच्या लायनीतली माणसं वर्गणी करत, तो गहू घेई, दळून आणी आणि मोटारसायकलला पोतं आडवं बांधून सकाळीच हजर होई. पोतं दुसऱ्याला उचलू देत नसे. खांद्यावर घेऊन थेट आत जाई, स्वतःच्या हातानं पत्र्याच्या पिंपात पीठ ओती, मगच चहाला बसे. सहा वर्षांत त्याचा रविवार चुकला नव्हता. गोठ्यातल्या म्हाताऱ्या त्याला पिठाचा रविवार म्हणत आणि त्या दिवशी न सांगता तोंडं धुऊन बसत.

माघात पोतं अर्ध्यावर आलं. फाल्गुनात त्यानं पिशवीतून पीठ आणलं आणि पिंपात ओतताना त्याचा चेहरा भिंतीकडं होता. बाहेरच्या देशाची ऑर्डर तुटली, लायनीत बाराजण होते त्यातले चार राहिले, असं त्यानं चहा पिताना गेनूला सांगितलं. चैत्राच्या पहिल्या रविवारी म्हाताऱ्या तोंडं धुऊन बसल्या, उन्हं डोक्यावर आली, तरी मोटारसायकल आली नाही.

तोवर खोल्याही रिकाम्या होत चालल्या होत्या. कंत्राटी पोरांचे गेटपास एकेका खात्यात काढून घेत होते. पोरं निघताना कुशाबाईच्या पाया पडत, बादली-मग, गादी, तडा गेलेली खुर्ची तिच्या ओट्यावर ठेवून जात. मागच्या भाड्याचं बोलायला कुणाचं तोंड उघडत नसे आणि तिचंही. एका जळगावच्या पोरानं जाताना गोठ्यात डोकावून प्रत्येक म्हातारीच्या हातावर एकेक चॉकलेट ठेवलं. पाडव्याला सहापैकी पाच खोल्यांना कुलूप होतं. कुशाबाईचा मुलगा बंटी चाकणातच एका कंपनीत होता, त्यालाही घरी बसवलं. तो आता पहाटे कांद्याच्या मार्केटला हमालीला जात होता. सहा वर्षं मशीनवर बटणं दाबलेल्या अंगाला गोण्या झेपत नव्हत्या. घरी आला की ओट्यावर पालथा पडायचा आणि त्याची बायको वर्षाली, जिला स्वतःला सहावा महिना होता, ती त्याच्या पाठीवर पाय देऊन उभी राहायची.

डायपर संपले तेव्हा कुशाबाई वाकडला गेली. दोन बस बदलून, विचारत विचारत सोसायटीच्या गेटाशी पोचली. वॉचमननं तिला वहीत नाव लिहायला सांगितलं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं 'कामवाली' लिहिलं आणि सावलीत सरकून बसायला सांगितलं. सोनलमॅडम स्वतः खाली आल्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला, पण त्या हळू बोलत होत्या आणि मध्येच मागं बघत होत्या. नवऱ्याला त्याच्या कंपनीनं तीन महिन्यांमागं घरी बसवलं होतं. इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं; तो रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडत होता. मावशी, मला माफ करा, असं त्या दोनदा म्हणाल्या. मग वर जाऊन त्यांनी कपड्यांची एक गच्च पिशवी आणून दिली. बाहेर पडताना वॉचमननं पिशवी उघडायला लावली, कारण आतून काही बाहेर नेताना बघायचा नियमच होता. तिथल्या फरशीवर त्यानं एकेक कपडा बाहेर काढला. चकाकणारे टिकल्यांचे दोन लांब झगे, लहान मुलीचे फ्रॉक, पोहायचा एक तोकडा कपडा. जाणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. कुशाबाईनं सगळं पुन्हा पिशवीत भरलं. घरी आल्यावर तिनं झगे फाडून बघितले, पण ते कापड पाणी शोषत नव्हतं.

गोठ्यात दोन वेळचं जेवण एक वेळेवर आलं. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी भाकरी आणि पातळ कालवण, आणि सांजेला कण्या शिजवून त्यांचं पाणी. म्हाताऱ्यांनी तक्रार केली नाही, याचंच कुशाबाईला जास्त वाटे. त्यांची अंगं मात्र बोलायला लागली. अंघोळ घालताना खांद्याची हाडं हाताला लागत. द्वारका म्हणून एक होती, तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. सगळ्यांत अवघड होती प्रभावती. आडव्या बांध्याची, डोक्यानं पूर्ण गेलेली, अंथरुणातच सगळं. डायपर होते तोवर निभावलं. आता दिवसातून चार वेळा तिला उचलून फाटक्या लुगड्याची घडी बदलायची, ती धुवायची, वाळत घालायची. पाणी एक दिवसाआड. सोड्यानं कुशाबाईच्या बोटांची कातडी फाटून त्यात लाल रेघा पडल्या होत्या, आणि एकदा प्रभावतीला उचलताना वर्षाली पोट धरून खाली बसली.

तिला काही झालं नाही. पण रात्रीचा घास खाताना ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, मी वाईट बोलत नाही. पण जिला कुणी हाय, तिला तरी त्यांच्याकडं सोडा. प्रभावतीआजीला पोरगा हाय."

गेनू म्हणाला, "पोरगा असता तर इथं आली असती का?" पण त्यानं पुढं ओढलं नाही. समोर वर्षाली बसली होती आणि तिच्या ताटात भाकरी एकच होती.

दोन दिवसांनी त्यांनी रिक्षा केली आणि प्रभावतीला कासारवाडीला नेलं. तिचा मुलगा प्रीतम रेल्वेलाइनीच्या कडेला एका खोलीत राहत होता. तो कॅब चालवायचा, पण हप्ते थकले म्हणून गाडी ओढून नेली होती, आणि दिवसाढवळ्या तो बनियनवर घरात होता. आईला बघून तो दारातच थांबला. भांडेल, हाकलेल, असं धरून कुशाबाई मनात बोलणी जुळवून आली होती. त्यांची गरजच पडली नाही. आत जाऊन त्यानं पलंगावरची दोन मुलं उठवली आणि चादर झटकली. त्याची बायको मोरीत भांडी घासत होती, ती घासतच राहिली. प्रभावतीला पलंगावर बसवलं तेव्हा तिनं कुशाबाईचा पदर मुठीत धरला होता. तो सोडवायला कुशाबाईला एकेक बोट उचलावं लागलं.

सोळाव्या दिवशी प्रीतमचा फोन आला. आई सकाळी गेली, असं त्यानं सांगितलं. रागावलेला नव्हता. म्हणाला, "तुमच्याकडं होती तोवर बरी होती, मावशी." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी कुशाबाईनं गोठा शेणानं सारवावा तशी फरशी घासून काढली, आणि सांजेला गेनूला सांगितलं की आता मरेस्तवर हितनं कुणाला बाहेर काढायचं न्हाई. आन् नवी कुणी आत घ्यायची न्हाई. अकरातली एक फाल्गुनात अंथरुणातच गेली होती, एक ही. नऊ राहिल्या. नऊजणींनाच जे असेल ते पुरवायचं. गेनूनं मान हलवली. पिंपात हात घातला तर खांद्यापर्यंत जाऊन तळ लागत होता.

वैशाखाचा पहिला रविवार. सकाळी दहाची वेळ, पत्रा तापून कडकड वाजत होता. म्हाताऱ्यांनी आता तोंडं धुऊन बसायचं सोडलं होतं. कुशाबाई टाकीपाशी धुणं आपटत होती, तेवढ्यात उतरणीवरून मोटारसायकलचा आवाज आला आणि द्वारका आतून म्हणाली, "पिठाचा रविवार आला गं."

मालोजीच होता. दाढी वाढलेली. मोटारसायकलला पोतं नव्हतं. मागं एक बारकी, ताठ म्हातारी बसली होती, डोक्यावरून पदर, मांडीवर गाठोडं. तो हात देत होता तरी ती आपली आपण उतरली, लुगडं झटकलं आणि घराकडं बघून हसली.

"हीच का ती जागा?" ती म्हणाली. "मी सुभद्रा. मालोजीची आई. सहा वर्षं झाली म्हणतेय, मला एकदा दाखव. गहू मीच निवडायचे ना सगळा. एक खडा जाऊ दिला न्हाई बघा."

कुशाबाईनं ओले हात लुगड्याला पुसून तिला नमस्कार केला. गेनूनं तिला गोठ्यात नेऊन म्हाताऱ्यांच्या मधे खुर्ची दिली, पण ती खुर्चीवर न बसता खाली फरशीवर बसली आणि एकेकीला गाव विचारायला लागली.

मालोजी टाकीपाशीच थांबला. नळाच्या तोटीवर हात ठेवून तो बोलायला लागला, आणि जे बोलला ते आधीपासून तोंडपाठ केल्यासारखं, कुठं न थांबता. लायन पूर्ण बंद झाली. दीड महिना हिंडलो, चाकण, तळेगाव, रांजणगाव, कुठं गेटाच्या आत घेत नाहीत. आता एका ठेकेदारानं गुजरातेत काम दिलंय, तिथं एका खोलीत चौदा माणसं झोपवतात. बायको-पोरं तिच्या भावाकडं केजला पाठवली. तिचा भाऊ म्हणाला, बहिणीला सांभाळीन, बहिणीच्या सासूला नाही. गावाकडचं घर भावकीनं धरलंय. इथली खोली काल सोडली. आज सांजेला गाडी आहे.

कुशाबाईला त्याचं बोलणं कुठं चाललंय ते पहिल्या दोन वाक्यांतच कळलं होतं. तिनं हातातलं लुगडं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं.

"त्यांना सांगितलंय का?" तिनं विचारलं.

"न्हाई. तिला वाटतंय, दान द्यायला आलोय."

गोठ्यातून हसण्याचा आवाज आला. सुभद्राबाई काहीतरी सांगत होती आणि महिनाभर न हसलेल्या बायका हसत होत्या.

गेनू जवळ येऊन उभा राहिला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "कुशे, एका मानसाचं काय—"

"तुमी गप बसा."

तिनं हे इतक्या हळू म्हटलं की गेनू खरोखरच मागं सरला. तिच्या डोळ्यांपुढं पिंप होतं, बंटीची पाठ होती, आणि पदरावरून उचललेलं प्रभावतीचं एकेक बोट होतं. एक रात्र ठेवून घेतली की ती बाई इथली होणार. मग तिच्यासाठी दुसरीच्या ताटातली भाकरी मोडायची, आणि ती मोडत मोडत कुठवर न्यायची? एकीला बाहेर काढून काय होतं, ते तिनं बघितलं होतं.

"न्हाई जमायचं, भाऊ," ती म्हणाली. "नऊ हायेत. त्यांचंच पोट भरंना झालंय."

"लै काम करती ती. बसून खायची न्हाई. तुम्हालाच हात लावील."

"व्हय. दिसतंय."

"कोपऱ्यात पडंल. दिवाळीपर्यंत. तिथं पगार सुरू झाला की मी पाठवीन."

"पाठवशील रं. पन तवर काय घालू?"

मालोजी तोटीकडं बघतच म्हणाला, "मावशी, सहा वर्षं मी पीठ आणलं."

गेनूनं मान खाली घातली. वाऱ्यानं दोरीवरचं लुगडं मालोजीच्या तोंडावर आलं, ते त्यानं बाजूला केलं.

कुशाबाई म्हणाली, "आणलंस. ते ह्या म्हाताऱ्यांनी खाल्लं."

मालोजीनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, चूक झाली म्हणाला, मी असं बोलायला नको होतं. कुशाबाईनं त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं नाही, कारण दूध नव्हतं.

तो आईला बोलवायला गोठ्याच्या दारात गेला. सुभद्राबाईला उठवत नव्हतं, इतक्या बायका तिला धरून बसल्या होत्या. बाहेर आल्यावर तिनं गाठोडं सोडलं. वर धुतलेली दोन लुगडी होती, एक कांबळं, फणी, आणि खाली फडक्यात बांधलेले शेंगदाणे, दीडएक शेर. तिनं एक लुगडं आणि शेंगदाणे कुशाबाईच्या हातात दिले.

"गहू ह्या बारीला न्हाई जमला, बाई," ती म्हणाली. "त्याची लायन जरा बसलीय. पुढल्या महिन्याला देऊ. हे असू द्या. गरिबांच्या तोंडात पडू द्या."

कुशाबाईला ते हातात घ्यावं लागलं. नको म्हणावं तर का नको, ते सांगावं लागलं असतं. आपल्या गाठोड्यात आता एकच लुगडं उरलंय, हे म्हातारीच्या लक्षात होतं की नाही कोण जाणे. तिनं गाठ पक्की मारली. कुशाबाई वयानं धाकटी, म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मोठं काम करतीस. असं सगळ्यांना जमत न्हाई."

"आता कुठं?" गेनूनं मालोजीला विचारलं.

"बघतो," मालोजी म्हणाला.

मोटारसायकल उतरणीला लागली. म्हातारीनं एका हातानं गाठोडं आणि एका हातानं लेकाचा खांदा धरला होता. वळणावर तिनं मागं वळून बघितलं आणि मान हलवली. चाकणकडं वळली की देहूकडं, ते इथून दिसत नव्हतं.

गेनू दुपारभर घरात आला नाही. बंद खोल्यांच्या पायरीवर बसून होता. कुशाबाईनं उरलेलं धुणं धुतलं. मग चूल पेटवून तिनं शेंगदाणे भाजले, सालं पाखडली. गोठ्यात तीनच जणींना दात होते, म्हणून तिनं ते उखळात घालून बारीक कुटले, मीठ आणि चिमूटभर तिखट टाकलं. सांजेला कण्यांच्या पाण्यावर प्रत्येकीला दोन दोन चमचे वाढले. बऱ्याच दिवसांनी गोठ्यात तेलकट, खमंग वास सुटला होता. म्हाताऱ्या मुटूमुटू तोंड हलवत होत्या. कुणी बोट चाटत होतं.

"सकाळी आली ती बाई कुठली गं?" द्वारकेनं विचारलं.

"माजलगावची."

"भल्या घरची दिसती. बोलनं किती ग्वाड." द्वारकेनं वाटी तोंडाला लावून तळ पुसला. मग दोन्ही हात जोडून, कोपरापर्यंत घसरलेल्या बांगड्यांसकट ते कपाळाला नेले आणि म्हणाली, "देव तिला काय कमी करायचा न्हाई."

बाकीच्यांनीही हात जोडले. कुशाबाई वाट्या गोळा करायला लागली.